दात्याची मूठ : क्लीव्हलंडचा निधी आणि आपला निधी

आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचने शाळेसाठी कायमस्वरूपी निधी उभारायचे ठरवले आणि त्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, पैसा कशावर खर्च करायचा ते आत्ताच पांढऱ्यावर काळे करून टाका, म्हणजे पुढे कुणी त्याला हात लावणार नाही. दुसरा म्हणतो, शाळेच्या हवाली करा आणि मोकळे व्हा; शाळेची गरज शाळेलाच कळते. दोन्हीकडे माझ्या बाकावरची माणसे आहेत, त्यामुळे ग्रुपवर मी गप्पच राहिले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मात्र वाटले की या वादाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ज्या शहरात घडला त्याच शहराच्या एका उपनगरात मी गेली अठरा वर्षे राहते आहे. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. मी ही क्लीव्हलंडची गोष्ट सांगते.

आधी आपल्याच शाळेतले एक उदाहरण. बक्षीस समारंभात वाचली जाणारी ती लांबलचक यादी आठवते ना? 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या चिरंजीवांकडून.' त्यातले एक बक्षीस अकरावीत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी होते. ठेव पाचशे रुपयांची. दात्याच्या काळी शाळा अकरावीपर्यंत होती आणि अकरावीलाच मॅट्रिक म्हणत. १९७५ साली नवा आकृतिबंध आला, शालान्त परीक्षा दहावीला आली आणि शाळेतली अकरावी संपली. वर्ग नाही, पण त्या वर्गातल्या पहिल्या नंबराचे बक्षीस आहे, असा पेच झाला. शाळेने शहाणपणाने ते दहावीला द्यायला सुरुवात केली आणि कुणी हरकत घेतली नाही. व्याजाची रक्कम मात्र वाढली नाही. जे पैसे एके काळी वर्षभराच्या वह्यापुस्तकांना पुरले असते, त्यात आज एक चांगले पेन येणार नाही. दात्याचा हेतू उत्तम होता, शाळेने बेइमानी केली नाही, तरी दान सुकत गेले.

हेच दुखणे मोठ्या रकमांनाही झालेले आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली गेले. त्यांनी मृत्युपत्रात बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवले. अट अशी की पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी पुरी केलेल्या कारागिरांना धंदा सुरू करण्यासाठी ५ टक्के व्याजाने कर्जे द्यावीत, दोन चांगल्या नागरिकांचा जामीन घ्यावा आणि हे चक्र दोनशे वर्षे चालू ठेवावे. फ्रँकलिन स्वतः छापखान्यात उमेदवारी केलेले; तरुणपणी मिळालेल्या कर्जामुळेच त्यांचा धंदा उभा राहिला होता. आपल्याला जे मिळाले तेच पुढच्यांना मिळावे, ही त्यामागची भावना. पण पुढे कारखाने आले, उस्तादाच्या हाताखालची उमेदवारी मागे पडली आणि अटीत बसणारा कर्जदार सापडेना. १९९० साली मुदत संपली तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे ४५ लाख आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख डॉलर होते. पैसा वाढला होता, पण ज्याच्यासाठी ठेवला तो माणूस मधल्या मध्येच नाहीसा झाला होता.

दुसरे उदाहरण सेंट लुइसचे. तिथले माजी महापौर ब्रायन मलॅन्फी १८५१ साली वारले. त्यांनी मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पश्चिमेकडे वसायला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुइसला येणाऱ्या गरीब प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला. त्या काळी बैलगाड्यांचे तांडे या गावावरून जात, हाल होत, रोगराई होई. मदत गरजेची होती. पुढे आगगाडी आली, तांडे संपले, आणि निधीच्या विश्वस्तांवर पश्चिमेकडे निघालेला गरजू शोधण्याची वेळ आली.

इंग्रजी कायद्याच्या भाषेत याला 'मेलेल्या माणसाचा हात' म्हणतात. दाता जातो, पण त्याची मूठ पैशावर तशीच आवळलेली राहते. आर्थर हॉबहाउस या इंग्रज कायदेपंडिताने १८८० साली याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यातले विचार पुढे क्लीव्हलंडच्या एका वकिलाच्या मनात घर करून बसले. त्याचे नाव फ्रेडरिक गॉफ.

गॉफचा जन्म १८५८ चा. त्याने बरीच वर्षे वकिली केली. जॉन रॉकफेलरसारखे अशील त्याच्याकडे होते. १९०८ साली तो क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या बँकेचा अध्यक्ष झाला. तेव्हाचे क्लीव्हलंड म्हणजे पोलाद, तेल आणि जहाजांचे भरभराटीचे गाव. १९१० च्या जनगणनेत ते अमेरिकेतले सहावे मोठे शहर होते. गिरण्यांत काम करायला पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. एकीकडे हवेल्या, दुसरीकडे चाळी. पैसेवाल्यांची मृत्युपत्रे सांभाळणे हे गॉफच्या बँकेचे कामच. कुणी अमुक अनाथालयाला, कुणी तमुक रोगाच्या दवाखान्याला पैसे ठेवून जाई. पन्नास वर्षांनी ते अनाथालय नसेल, तो रोगही नसेल, आणि मग वारस, वकील आणि विश्वस्त कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतील, हे त्याला दिसत होते.

त्याच सुमारास अमेरिकेत कुबेरांच्या संस्था उभ्या राहत होत्या. कार्नेगी कॉर्पोरेशन १९११ ची, रॉकफेलर फाउंडेशन १९१३ चे. एका माणसाचा अफाट पैसा, त्याने नेमलेले मंडळ, त्याने ठरवलेला हेतू. गॉफला वेगळे काही हवे होते. पैसा अनेकांचा असावा, लहान-मोठा कसाही असावा, तो एका शहराचा असावा, आणि तो कुठे खर्च करायचा हे त्या त्या काळातल्या जिवंत माणसांनी ठरवावे. २ जानेवारी १९१४ रोजी त्याच्या बँकेच्या संचालक मंडळाने एक ठराव केला आणि क्लीव्हलंड फाउंडेशन जन्माला आले. एका गावासाठी गावकऱ्यांच्या देणग्यांचा सामाईक निधी, ज्याला इथे 'कम्युनिटी फाउंडेशन' म्हणतात, तो जगात पहिल्यांदा असा उभा राहिला.

त्या ठरावातल्या तीन गोष्टी मला आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट : पैसा सांभाळणारे आणि पैसा वाटणारे वेगळे केले. गुंतवणूक बँकेकडे, वाटप एका समितीकडे. जो तिजोरीची किल्ली सांभाळतो तो कुणाला द्यायचे हे ठरवत नाही, आणि जो ठरवतो त्याचा हात तिजोरीत जात नाही.

दुसरी गोष्ट : दात्याची इच्छा पाळायची, पण परिस्थिती बदलून ती निरुपयोगी किंवा अशक्य झाली तर जवळच्या दुसऱ्या कामाकडे पैसा वळवण्याचा अधिकार समितीला दिला. दाता पैसे देतानाच ही अट मान्य करतो, त्यामुळे पुढे कोर्टात जावे लागत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळते. प्रोग्राममध्ये एखादा आकडा कायमचा कोरून ठेवला की आज काम सोपे होते आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाची तरी झोप उडते. बदलण्याची जागा आधीच ठेवायची असते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत धाडसाची. वाटप समिती पाच जणांची. त्यातले दोनच सदस्य बँकेने नेमायचे. उरलेल्या तिघांपैकी एक शहराचा महापौर नेमणार, एक वारसा-न्यायालयाचा न्यायाधीश आणि एक संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश. म्हणजे ज्याने कल्पना काढली, ज्याच्या तिजोरीत पैसा, तोच स्वतःहून अल्पमतात बसला. समिती पुढे मोठी झाली आणि पैसा सांभाळायला शहरातल्या इतर बँकाही आल्या, पण बाहेरच्यांनी सदस्य नेमायचे ही चाल टिकली. मला वाटते, गॉफची खरी कमाई ही आहे. नुसता हेतू सैल ठेवला असता तर 'मग खाणाऱ्यांचे फावेल' हा आपल्या पहिल्या पक्षाचा आक्षेप त्यालाही लागू पडला असता. त्याने हेतू सैल ठेवला आणि नजर ठेवणारे बाहेरचे आणले. या दोन गोष्टी जोडीनेच चालतात.

सुरुवातीला पैसा नव्हताच. लोकांनी मृत्युपत्रात नावे घातली, पण मृत्युपत्राचा पैसा माणूस गेल्यावर येतो. मग गॉफने वेगळा मार्ग धरला : वाटायला पैसे नाहीत, तोवर शहराला नेमके काय हवे ते तरी पाहू. १९१५ साली शहरातल्या शाळांची पाहणी सुरू झाली. ती लिओनार्ड एअर्स या शिक्षण-संशोधकाच्या हाताखाली झाली आणि तिचे २५ खंड निघाले. पुढे शहरातल्या मुलांना खेळायला-विरंगुळ्याला काय आहे याची पाहणी झाली. १९२० च्या सुमारास शहराच्या एका मुख्य न्यायाधीशाचेच नाव खुनाच्या खटल्यात आले आणि लोकांचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाला. तेव्हा फाउंडेशनने रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या दोन नामांकित कायदेतज्ज्ञांकडून पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांची पाहणी करवली. ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. दान देण्याआधी चौकशी करावी ही आपल्या आजीलाही ठाऊक असलेली गोष्ट. इथे एका अख्ख्या शहराने ती केली. गॉफ १९२३ साली गेला. निधी मोठा झालेला पाहायला तो राहिला नाही.

त्याची कल्पना मात्र भराभर पसरली. १९१५ सालीच शिकागो आणि बोस्टनने आपापले निधी काढले. आज अमेरिकेत असे आठशेहून अधिक निधी आहेत आणि जगात इतरत्रही पुष्कळ. मुंबईतही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा राहिला. कल्पना आपल्याला अगदीच परकी नव्हती. तळेगावचा पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून एकेका पैशाने जमवलेल्या वर्गणीतून. लहान देणाऱ्यांची मोठी बेरीज कशी होते हे महाराष्ट्राने क्लीव्हलंडच्या आधी पाहिले होते. गॉफने त्यापुढचा प्रश्न सोडवला : ती बेरीज शंभर वर्षे राबती कशी ठेवायची.

आज हे काम कसे चालते, ते थोडक्यात सांगते. देणारा आपल्या नावाचा किंवा आईवडिलांच्या नावाचा निधी उघडतो. तो ठरवतो की पैसा शहराच्या कोणत्याही गरजेसाठी, की एखाद्या क्षेत्रासाठी (उदाहरणार्थ मुलांचे आरोग्य), की एखाद्या ठरावीक संस्थेसाठी, की शिष्यवृत्तीसाठी. सगळ्यांचे पैसे एकत्र गुंतवले जातात, म्हणून लहान दात्यालाही मोठ्या निधीइतकाच जाणकार सांभाळ मिळतो. हिशेब प्रत्येकाचा वेगळा राहतो. दरवर्षी सगळे व्याज उडवत नाहीत. गेल्या काही वर्षांच्या सरासरी रकमेच्या ५ टक्क्यांच्या आसपास वाटतात आणि उरलेली वाढ मुद्दलात जाते, म्हणजे महागाईने मुद्दल खंगत नाही. संस्थांचे अर्ज येतात, कर्मचारी जाऊन पाहतात, मंडळ मंजुरी देते, हिशेब प्रसिद्ध होतो. क्लीव्हलंड फाउंडेशनचा निधी आज अडीच अब्ज डॉलरपेक्षा जास्त आहे, आणि तो कुणा एका कुबेराचा नाही.

मोकळ्या हाताचा उपयोग काय, हे २००८ नंतर दिसले. क्लीव्हलंडचे गिरण्यांचे वैभव केव्हाच ओसरले होते. मोठी इस्पितळे आणि विद्यापीठ एका बाजूला, आणि त्यांच्या भिंतीला लागूनच बेकारीने पोखरलेल्या वस्त्या. फाउंडेशनने इस्पितळांना आणि विद्यापीठाला एकत्र बसवले आणि 'एव्हरग्रीन' नावाच्या सहकारी उद्योगांना हातभार लावला. त्यातला पहिला उद्योग म्हणजे इस्पितळांचे कपडे धुणारी लाँड्री, २००९ साली सुरू झालेली. तिथे काम करणारेच तिचे भागीदार. १९२० मध्ये मृत्युपत्र करणाऱ्या कुठल्याही दात्याच्या स्वप्नात 'कामगारांच्या मालकीची लाँड्री' आली नसती. पण शहरातल्या गरिबाला बळ मिळावे हा त्याचा हेतू मात्र तिथे जिवंत राहिला.

या पद्धतीतही खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. १९३१ साली न्यूयॉर्कच्या निधीने असा प्रकार काढला की दाता जिवंतपणी निधीत पैसे टाकतो आणि ते कुणाला द्यायचे याचा सल्ला पुढे सवडीने देत राहतो. आज तो फार लोकप्रिय आहे. करसवलत पैसे टाकताक्षणी मिळते, पण पैसा गरजूपर्यंत कधी पोचावा याचे कायद्याचे बंधन नाही. त्यामुळे काही पैसे वर्षानुवर्षे निधीतच पडून राहतात, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. म्हणजे मूठ आवळून धरायला मेलेच पाहिजे असे नाही; जिवंत माणसालाही ते जमते.

आता आपल्या निधीविषयी. पन्नास वर्षांनी आपली शाळा कशी असेल? पटसंख्या किती, मराठी माध्यम किती उरलेले, इमारत तरी तीच असेल का? आपण शिकत होतो तेव्हा टायपिंगचे वर्ग भरत आणि संगणक कक्षाला कायम कुलूप असे. तेव्हा कुणी 'टंकलेखन यंत्रांच्या खरेदीसाठी' निधी ठेवला असता तर आपण त्याला दूरदर्शीच म्हटले असते. महाराष्ट्रातल्या विश्वस्त कायद्यात, म्हणजे पूर्वीच्या १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात, मूळ हेतू अशक्य झाला तर तो बदलण्याची सोय कलम ५५ मध्ये आहे. पण ती वाट अर्जांची आणि तारखांची आहे. पाचशे रुपयांच्या ठेवीसाठी त्या वाटेने कोण जाणार?

म्हणून माझी सूचना अशी. निधीचा हेतू एका वाक्यात लिहावा : 'या शाळेतल्या आणि ही शाळा नसेल तर या गावातल्या गरजू मुलांचे शिक्षण.' त्याखाली पहिल्या पाच वर्षांचा अग्रक्रम लिहावा आणि दर पाच वर्षांनी तो फिरून ठरवावा. ज्यांना आपल्या आवडत्या सरांच्या किंवा बाईंच्या नावाने काही करायचे आहे त्यांनी जरूर करावे. नाव कायम राहू द्यावे, अट सैल ठेवावी. समजा १५ लाख जमले आणि ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ५ हजार व्याज आले, तर ६० हजार वाटावेत आणि ४५ हजार मुद्दलात टाकावेत. पहिली काही वर्षे बक्षिसाची रक्कम लहान दिसेल, पण ती खंगणार नाही.

आणि समिती पाच जणांची असावी. मुख्याध्यापक एक, शिक्षकांनी निवडलेले एक, पालकांतून एक, आणि आपल्या बॅचचे फक्त दोन. ही ओळ वाचून काही भुवया वर जातील. पैसा आपला आणि मते दोनच? हो, दोनच. बँकेतला जमाखर्च सहाव्या व्यक्तीने पाहावा आणि तो दरवर्षी शाळेच्या फलकावर लागावा. आपण पंचेचाळिशीत आहोत. आणखी तीस वर्षांनी सभेला येणारे कितीजण उरू? आपल्यावाचून न चालणारा निधी आपल्याबरोबरच संपेल.

एक व्यवहाराची गोष्ट, माझ्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांसाठी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते नेहमीच्या बँकमार्गाने देणगी पाठवू शकतात. ज्यांनी दुसरे नागरिकत्व घेतले त्यांचा पैसा, ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याने विदेशी देणगी ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो त्यासाठीच्या ठरावीक बँक खात्यातच यावा लागतो. तेव्हा आपल्यातल्या कुणी भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून 'फिरवून' पैसे देण्याचा सोपा उपाय करू नये. त्याचा ताप शाळेला होईल, आपल्याला नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निधीची बैठक ठेवली आहे. जेवणानंतरची वेळ आहे, डोळे मिटतील, तरी सगळ्यांनी यावे. आपल्या शिक्षकांपैकी जे येतील त्यांनी तर नक्कीच बसावे आणि आमच्या सूचनांना नेहमीप्रमाणे लाल शाईने खुणा कराव्यात. माझे मत मी वर मांडले आहे. ते बैठकीत बहुमताने पडले तरी माझी वर्गणी पूर्ण असेल.